टाके निघाले, म्हणजे ऑपरेशन संपलं का?

"मॅडम, दोन महिने झाले, ब्लाउजले डाग लागते. दुखत नाही, खुपत नाही. मंग कायले दाखवाचं, म्हनून आले नाही."

हे वाक्य मी ओपीडीत अनेकदा ऐकते. कधी दर्यापूरच्या काकूंकडून, कधी अकोटच्या ताईंकडून, तर कधी धारणीहून परतवाड्याचा घाट उतरून आलेल्या एखाद्या आजीकडून. स्तनाग्रातून पाणी किंवा रक्त येतं आणि बाई ते धुऊन टाकते. ब्लाउज वेगळा वाळत घालते. सुनेला सांगत नाही, नवऱ्याला तर नाहीच नाही. या विषयावर लिहायचं बऱ्याच दिवसांपासून मनात होतं. पण हा लेख लिहायला लावला तो एका बाटलीने.

एक काकू माझ्याकडे आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आठ महिन्यांपूर्वी दुसरीकडे त्यांच्या स्तनातल्या दुग्धनलिकेचं ऑपरेशन झालं होतं. आता त्याच बाजूला थोडं दुखत होतं, म्हणून भीती वाटून आल्या. जखम सुंदर भरलेली होती. मी विचारलं, "काकू, तुकड्याचा रिपोर्ट काय आला?"

काकूंनी मुलाकडे पाहिलं. मुलगा खाली बघू लागला. ऑपरेशननंतर तुकड्याची बाटली त्याच्याच हातात दिली होती, लॅबमध्ये नेऊन द्यायला. त्या दिवशी लॅब बंद होती. बाटली घरी आली, फडताळात ठेवली गेली. मग सोयाबीनची सोंगणी आली. टाके निघाले, जखम सुकली, आई कामाला लागली आणि बाटली कुठे गेली ते कुणालाच आठवेना.

आम्ही पुन्हा मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी केली. सुदैवाने काळजीचं काही दिसलं नाही. पण त्या तुकड्यात काय होतं, हे आता कुणीही सांगू शकणार नाही. काकूंना दर वर्षी तपासणीला यावं लागेल आणि दर वेळी मनात तीच धाकधूक असेल.

म्हणून माझं मत मी सुरुवातीलाच स्पष्ट सांगते. दुग्धनलिकेचं ऑपरेशन टाके निघाल्यावर संपत नाही. तुकड्याचा रिपोर्ट येऊन, तो डॉक्टरांनी वाचून, बाईला तिच्या भाषेत समजावून सांगितल्यावर ते संपतं. हे असं का, ते आता नीट पाहू.

प्रत्येक स्राव धोक्याचा असतो का?

नाही. आधी हे समजून घ्या, म्हणजे निष्कारण भीती वाटणार नाही.

आपल्या स्तनात साधारण १५ ते २० दुग्धनलिका असतात. त्या स्तनाग्रापाशी येऊन उघडतात. दोन्ही बाजूंनी, अनेक छिद्रांतून, दाबल्यावरच येणारा दुधासारखा, हिरवट किंवा पिवळसर स्राव बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. दुधासारखा स्राव असेल तर थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन या तपासण्या करतात. आणि गोळ्या विचारतात. ॲसिडिटीसाठी घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांमध्ये डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असतं. त्यानेही दूध येऊ शकतं. मेडिकलमधून परस्पर आणून महिनोन्‌महिने अशा गोळ्या घेणाऱ्या बाया मी बऱ्याच पाहते. गोळी बदलली की स्राव थांबतो. तिथे ऑपरेशनचा प्रश्नच येत नाही.

काळजीचा स्राव वेगळा असतो. तो न दाबता आपोआप येतो. एकाच बाजूने आणि बहुधा एकाच छिद्रातून येतो. रंगाने लाल, तपकिरी किंवा पाण्यासारखा स्वच्छ असतो. असं असेल तर दुखत नसलं तरी दाखवायचंच. "दुखत नाही" ही यात दिलासा देणारी गोष्ट नाही.

अशा स्रावामागे सर्वांत जास्त वेळा पॅपिलोमा निघतो. म्हणजे नलिकेच्या आत वाढलेला, चामखिळीसारखा छोटा कोंब. तो साधा असतो. काही वेळा नलिका वयोमानाने नुसत्याच फुगलेल्या असतात. पण शंभरातल्या साधारण पाच ते पंधरा जणींमध्ये मागे कॅन्सर किंवा नलिकेच्या आतच असलेला अगदी सुरुवातीचा कॅन्सर सापडतो. म्हणजे बहुतेक जणी सुखरूप असतात. पण त्या उरलेल्या जणी कोणत्या, हे बाहेरून पाहून ठरवता येत नाही.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात?

आधी हाताने तपासणी, सोनोग्राफी आणि वयानुसार मॅमोग्राफी होते. गरज पडली तर एमआरआय. स्रावाचा थेंब काचेवर घेऊन तपासतात, पण त्यात काही नाही निघालं म्हणून निश्चिंत होता येत नाही.

एकाच नलिकेतून स्राव असेल तर तेवढीच नलिका काढतात. या ऑपरेशनला मायक्रोडोकेक्टॉमी म्हणतात. नाव मोठं आहे, काम नाजूक आहे. ज्या छिद्रातून स्राव येतो त्यात एक बारीक सळई घालतात, स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागाच्या कडेला छोटा छेद घेतात आणि तेवढी नलिका अलगद काढून घेतात. म्हणूनच ऑपरेशनच्या आधी काही दिवस स्तनाग्र दाबून पाहू नका, असं आम्ही सांगतो. सगळा स्राव आधीच काढून टाकला, तर टेबलावर नेमकं छिद्र सापडत नाही.

अनेक नलिकांमधून त्रास असेल किंवा स्तनाग्रामागे वारंवार पू होत असेल, तर मागच्या सगळ्या मुख्य नलिका काढतात. हॅडफिल्ड या ब्रिटिश सर्जनने १९६० मध्ये या पद्धतीचं वर्णन केलं, म्हणून तिला त्यांचं नाव आहे. हे ऑपरेशन झाल्यावर त्या स्तनातून बाळाला दूध पाजता येत नाही. एकच नलिका काढली तर पुढे पाजता येण्याची शक्यता राहते. तेव्हा लेकरं व्हायची असतील तर हे आधीच, सही करण्यापूर्वी विचारा. लाजू नका.

दोन्ही ऑपरेशनं सहसा तासाभराच्या आत होतात. बहुतेक जणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. स्तन काढत नाहीत. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं सांगते, कारण "आता माझी छाती काढणार" या भीतीने कितीतरी बाया दवाखान्याची पायरीच चढत नाहीत.

घरी गेल्यावर काय होतं?

आम्ही डॉक्टर म्हणतो, "छोटं ऑपरेशन आहे." घरच्यांना ऐकू येतं, "उद्यापासून कामाला लागली तरी चालते." इथे चूक आमचीही आहे. छेद छोटा असतो, पण जखम ती जखमच.

पहिले दोन-तीन दिवस दुखतं. सांगितलेल्या गोळ्या वेळेवर घेतल्या तर सहन होतं. आठवडा-दोन आठवडे जागा काळी-निळी दिसते, ते हळूहळू उतरतं. आधार देणारी, घट्ट पण न काचणारी ब्रा पहिले काही दिवस रात्रीही घालायची. आपल्याकडे बऱ्याच काकू ब्रा वापरत नाहीत. त्यांनी सुती कापडाचा मऊ आधार कसा बांधायचा हे नर्सताईंकडून शिकून घ्यावं. अंघोळ आणि ड्रेसिंग तुमच्या सर्जनने सांगितल्याप्रमाणेच. जखमेवर हळद, राख, कुठलाही लेप नको. अकोल्याच्या उन्हाळ्यात घामाने ड्रेसिंग ओलं होतं. तसं झालं की ते बदलून घ्यायचं, चार दिवसांनी येण्याची वाट बघायची नाही.

घरातली हलकी कामं काही दिवसांत जमतात. पण पाण्याच्या घागरी, गॅस सिलिंडर, धान्याचं पोतं, कमरेला ओटी बांधून दिवसभर कापूस वेचणं हे निदान दोन आठवडे नको. मला माहीत आहे, वेचणीच्या दिवसांत रोज बुडाला तर घर अडतं. म्हणून हे मी बाईला कमी आणि घरच्यांना जास्त सांगते. घागर उचलायला घरात दुसरे हात असतात.

मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा. विडी-सिगारेटने नलिकांची सूज पुन्हा पुन्हा होते, हे पक्कं ठाऊक आहे. तंबाखू कुठल्याही रूपात असो, जखम भरायला तो आड येतो.

काही गोष्टी आधी सांगितलेल्या बऱ्या. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, कधी कायमची. स्तनाग्र थोडं आत ओढलं जाऊ शकतं. क्वचित, फार क्वचित, स्तनाग्राच्या कातडीला रक्त कमी पडून ती काळी पडते. आणि ताप, वाढती लाली, पू, एकाएकी आलेली टणक सूज, रक्ताने भिजलेलं ड्रेसिंग यांपैकी काहीही दिसलं तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि ती बाटली

काढलेला तुकडा फॉर्मालिन नावाच्या द्रावणात ठेवतात. साध्या पाण्यात किंवा सलाईनमध्ये ठेवला तर तो खराब होतो आणि रिपोर्ट नीट येत नाही. लॅबमध्ये त्याच्या बारीक चकत्या करून पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. साधारण आठ-दहा दिवसांत रिपोर्ट येतो.

"सर्जन म्हणाले, दिसायला साधाच होता," असं पुष्कळ जणी सांगतात. मी स्वतः सर्जन आहे आणि सांगते, माझ्या डोळ्यांना ते दिसत नाही. साधा पॅपिलोमा आणि बदललेल्या पेशींचा पॅपिलोमा टेबलावर सारखेच दिसतात. पहिल्यात बहुधा काही करावं लागत नाही. दुसऱ्यात नियमित तपासणी लागते. आणि नलिकेच्या आतच असलेला कॅन्सर सापडला, तर तो याच टप्प्यावर सापडणं हे नशीब समजा. त्यावरचे उपचार फार चांगले आहेत. पण रिपोर्टच नसेल तर उपचार कशावर करायचे?

काही जण म्हणतात, "मॅडम, रिपोर्ट आणाले गेलं अन् वाईट निंगालं तं?" ही भीती मला कळते. पण रिपोर्ट न आणल्याने आजार बदलत नाही. फक्त तो आपल्याला कधी कळणार, तेवढं बदलतं.

दुसरी अडचण पैशांची आणि अंतराची. तीही खरी आहे. अमरावतीच्या डॉ. पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालयात आणि अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पॅथॉलॉजी विभाग आहेत, तुकडा तपासायला नागपूर-मुंबई गाठायची गरज नसते. आज जिला आपण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणतो, ती २०१२ मध्ये राज्यात पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्यांत अमरावती होतं. तुमचं ऑपरेशन आणि तपासणी त्यात बसते का, हे भरती होण्यापूर्वीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा.

माझ्या डॉक्टर मित्र-मैत्रिणींनाही एक विनंती आहे. बाटली शक्यतो नातेवाइकांच्या हाती देऊ नका, आपल्या माणसाकरवी लॅबला पाठवा. द्यावीच लागली तर नाव, बाजू, तारीख लिहून द्या आणि लॅबची पावती परत मागा. रिपोर्ट आला की एक फोन करा. धारणीची बाई दिवसाचा रोज बुडवून, एसटीचं भाडं भरून नुसता कागद न्यायला येणार नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. आणि तुकडा कितीही लहान असो, "पाठवायची गरज नाही" हे वाक्य आपल्या तोंडी येऊ नये.

रुग्णांना मी चारच प्रश्न पाठ करायला सांगते. तुकडा कुठे पाठवला? रिपोर्ट कधी येणार? रिपोर्टमध्ये काय निघालं? आता मी पुन्हा कधी दाखवायचं? या चारही प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत फाईल बंद करायची नाही. रिपोर्टचा मूळ कागद शेताच्या सातबाऱ्यासोबत, त्याच पिशवीत ठेवा. आपल्या घरात ती पिशवी कधी हरवत नाही.

त्या काकू जाताना म्हणाल्या, "मॅडम, जखम सुकली तं मले वाटलं, झालं." काकूंचं काही चुकलं नव्हतं. अजून काही बाकी आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्हाला मात्र आता ठाऊक आहे. घरात कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल, तर आजच विचारा: रिपोर्ट कुठे आहे?

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्यक्ष तपासणी आणि तुमच्या डॉक्टरांचा सल्ला यांना तो पर्याय नाही.)