दासीचे नाव

सत्यवतीच्या आज्ञेवरून दुसऱ्यांदा व्यासांकडे जायची वेळ आली, तेव्हा अंबिकेने आपल्या दासीला स्वतःचे दागिने घालून पाठवले. तू यापुढे दासी राहणार नाहीस, असे व्यासांनी तिला सांगितले आणि तिच्या पोटी विदुर जन्मला. महाभारत तिचे नाव मात्र सांगत नाही, आणि कुरुकुळातला सर्वांत शहाणा पुरुष आईच्या जन्मामुळे सिंहासनाला पारखा होतो. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या हम्मुराबीच्या कायद्यातही पत्नीने अपत्यासाठी पतीला दिलेल्या दासीची तजवीज आहे: मूल झाले तर तिला विकता येणार नाही, तिने मालकिणीशी बरोबरी केली तर तिची गणना पुन्हा दासींत, मूल झालेच नाही तर विकायला मोकळीक. भाडोत्री मातृत्व ही प्रयोगशाळेने आणलेली नवी नैतिक अडचण आहे असे समजून आपण वाद घालतो. प्रयोगशाळेने फक्त शरीरसंबंध वगळला. बाकीची मांडणी जुनीच आहे.

कुशीप्रमाणे दुधाचा व्यवहारही जुनाच आहे. शंभूराजांना दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांचे नाव महाराष्ट्राने जपले, त्यांच्या मुलांना स्वराज्याच्या सेवेत स्थान मिळाले. पण हा मान अपवादानेच कुणाच्या वाट्याला येतो. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये शहरातली हजारो तान्ही बाळे पगारी दाईंकडे खेड्यात धाडली जात आणि त्यांतली इतकी दगावत, की 1874 मध्ये रूसेल यांच्या कायद्याने दोन वर्षांखालच्या अशा बालकांवर सरकारी देखरेख आणावी लागली. दुसऱ्याचे मूल छातीशी धरताना त्या दाईचे स्वतःचे तान्हे कोणाच्या दुधावर जगत होते, हा प्रश्न त्या काळात फार थोड्यांना पडला, आणि मला तो आजच्या वादाचा गाभा वाटतो.

1986 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मले, त्यानंतर दोन वर्षांनी अमेरिकेत न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने दहा हजार डॉलरचा सरोगसी करार बेकायदा ठरवला, तरी त्या करारातून जन्मलेल्या मुलीचा ताबा पित्याकडेच राहिला. भारतात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2005 ची मार्गदर्शक तत्त्वे मोबदल्याला मुभा देत होती, पण बंधनकारक कायदा नव्हता. त्या पोकळीत गुजरातमधले आणंद सरोगसीचे केंद्र म्हणून जगाच्या नकाशावर आले. समाजशास्त्रज्ञ अमृता पांडे यांनी तिथल्या सरोगेट मातांच्या वसतिगृहाचे चित्र टिपले आहे: एका खोलीत ओळीने लोखंडी खाटा, मधून चालायला जेमतेम जागा, आणि समोर इंग्रजीत लिहिलेला करार, ज्यातले मोजकेच त्या बाईला समजावून सांगितलेले. 2008 मध्ये सरोगसीचा करार केलेल्या एका जपानी दांपत्याचा बाळाच्या जन्माआधीच घटस्फोट झाला, तेव्हा त्या बाळाच्या पारपत्रावर, नागरिकत्वावर, आजीच्या हक्कावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत खल झाला. जिने नऊ महिने वाढवले तिचा उल्लेख ओझरता.

परदेशी जोडप्यांना 2015 मध्ये दारे बंद झाली आणि 2021 चा सरोगसी नियमन कायदा जानेवारी 2022 पासून लागू झाला. विवाह झालेली, स्वतःचे मूल असलेली, 25 ते 35 वयाची स्त्री आयुष्यात एकदाच, आणि केवळ परोपकार म्हणून; वैद्यकीय खर्च व 36 महिन्यांचा विमा यापलीकडे रोख मोबदला घेतला-दिला तर तुरुंग. यामागची कळकळ मी खोटी म्हणणार नाही; आणंदच्या खाटा पाहिलेल्या कोणालाही ती समजेल. पण असाच बंदीचा प्रयोग आपण मूत्रपिंडांबाबत 1994 च्या कायद्याने आधीच केला होता. गरज तशीच राहिली, पैसा टेबलाखाली गेला, परके दाते कागदोपत्री नातेवाईक झाले, आणि फसवल्या गेलेल्या दात्याला तक्रार करायची तर आधी स्वतःचा गुन्हा कबूल करणे आले. त्या अनुभवाला पुरती तीस वर्षेही झाली नव्हती.

दुसरी आठवण आणखी जवळची आहे. लोकसभेने 2019 चे सरोगसी विधेयक मंजूर केले त्याच वर्षी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीत 82 हजारांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीमुळे खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, उचल फिटत नाही, म्हणून पिशवीच नको, ही त्यामागची ठळक कारणे. कूस बाजारात आणू नये म्हणणारे राज्य, बाजारासाठी कूस कापून टाकावी लागते तिथे कित्येक वर्षे उशिरा पोचले. तिच्या शरीराची प्रतिष्ठा जपायची तर पोटाची भूकही हिशेबात घ्यावी लागते. मोबदला वैध असावा, तो तिच्याच खात्यात जावा, करार तिच्या भाषेत असावा, आणि प्रकृतीची जबाबदारी 36 महिन्यांवर तुटू नये, असे माझे मत आहे.

आज वंध्यत्व केंद्राच्या देयकात भ्रूणतज्ज्ञ आहे, भूलतज्ज्ञ आहे, औषधे, तपासण्या, वकील, विम्याचा हप्ता आहे. सरोगेट मातेच्या श्रमाचा रकाना कायद्यानेच निरंक ठेवला आहे.