मैदान मुलींचंही आहे

पारोळा तालुक्यातल्या एका गावात आम्ही किशोरवयीन मुलामुलींचं दोन दिवसांचं शिबिर घेतलं होतं. पहिल्या दिवशी सगळ्यांना रांगोळीनं जमिनीवर गावाचा नकाशा काढायला सांगितला आणि आपण रोज जिथं जातो तिथं खडे ठेवायला सांगितले. मुलांचे खडे गावभर पसरले. पार, नदी, शाळेचं मैदान, बसस्टँड, पानटपरी, टेकडी, सगळीकडे. मुलींचे खडे मात्र एका रेषेत पडले. घर, नळ, गिरणी, देऊळ, शाळा आणि परत घर. आठवीतली एक मुलगी नकाशाकडे बघत म्हणाली, "ताई, शाळेचं ग्राउंड आमचं पण आहे ना? पण आम्ही तिथून फक्त जातो."

संध्याकाळी तिच्या आजीला विचारलं, पूर्वी ही खेळायची का? आजी म्हणाली, "खेळायची ना. पण पोर मोठी व्हयनी आते." पाळी आली आणि खेळ संपला. खानदेशात हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. बहुतेकींना ते स्वतःच्या बाबतीतही ऐकावं लागलं असेल.

मुलांच्या तंदुरुस्तीबद्दल हल्ली खूप बोललं जातं. २०१९ साली केंद्र सरकारनं 'फिट इंडिया' मोहीम सुरू केली. जळगाव-धुळ्यात उन्हाळी शिबिरं भरतात, मोबाइलमुळे मुलं हलत नाहीत म्हणून पालक चिंता करतात. चिंता खरी आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जगभरातल्या अकरा ते सतरा वयाच्या मुलांपैकी ८१ टक्के एवढीही हालचाल करत नाहीत, असं २०१६ पर्यंतच्या आकडेवारीवरून दिसलं. त्यात मुलगे ७८ टक्के आणि मुली ८५ टक्के. म्हणजे प्रश्न सगळ्यांचा असला तरी तो सारखा नाही. म्हणून मुलांच्या व्यायामाबद्दल बोलताना दोन प्रश्न आधी विचारायला हवेत. कुठली मुलं? आणि व्यायाम कशासाठी?

'कामातच व्यायाम होतो'

गावात हा विषय काढला की पहिलं उत्तर हेच येतं. पोरी पाणी भरतात, धुणं धुतात, दिवाळीनंतर कापूस वेचायला जातात, आणखी कसला व्यायाम? यात एक गोष्ट खरी आहे. आपल्या मुली आळशी नाहीत, कष्टाळू आहेत. पण कष्ट म्हणजे खेळ नव्हे. कापूस वेचताना पाठ तासन् तास एकाच बाजूला वाकते. हंडा रोज त्याच कमरेवर बसतो. त्यात उडी नाही, फेक नाही, भन्नाट धावणं नाही, हसणं नाही. मुख्य म्हणजे त्यात निवड नाही. काम दुसऱ्यानं ठरवलेलं असतं, खेळ आपण ठरवतो. ज्या मुलीचं शरीर फक्त कामालाच जुंपलेलं असतं, तिला ते स्वतःचं वाटणार कसं?

त्यातच रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याच पाहणीत धुळे जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या सुमारे ४० टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली दिसली. हाडं भक्कम होण्याची खरी वर्षं हीच, आणि आपल्याकडे याच वर्षांत मुलीचं धावणं थांबतं आणि स्थळं बघणं सुरू होतं.

व्यायाम कशासाठी?

मुलींनी व्यायाम करावा असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांची कारणं मात्र तपासून घ्यायला हवीत.

एक कारण 'बांधा'. मुलगी जाड दिसू नये, स्थळ मिळावं. शाळेत तंदुरुस्तीची चाचणी होते तेव्हा सगळ्या वर्गासमोर वजनाचा आकडा मोठ्यानं वाचलेला मी पाहिला आहे. त्यानंतर काही मुली डबा खायच्या बंद होतात, खेळायला लागत नाहीत.

दुसरं कारण 'सुदृढ माता'. मुलीचं आरोग्य कशाला, तर उद्या तिच्या पोटी सुदृढ बाळ यावं म्हणून. ती स्वतः आज बारा वर्षांची आहे, तिचं आजचं काय?

तिसरं कारण पदक. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात पदक मिळवते, २०२५ च्या जानेवारीत प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुली खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकतात, तेव्हा आपल्या सगळ्यांचा ऊर भरून येतो. पण पदकाच्या मागे लागलेली शाळा दोन-चार चपळ मुली निवडते आणि बाकीच्यांना टाळ्या वाजवायला बसवते. मैदान हक्काचं असेल तर ते बाकीच्यांचंही असायला हवं.

चौथं कारण स्वसंरक्षण. इथं मला थोडं सविस्तर बोलायचं आहे. १९९४ साली जळगावचं वासनाकांड उघडकीला आलं तेव्हा मी जेमतेम शाळेत जायला लागले होते. अन्याय झाला मुलींवर, आणि आमच्या घरात बंधनंही मुलींवरच आली. माझ्या मोठ्या चुलत बहिणीचं संध्याकाळचं खेळणं त्या वर्षी बंद झालं, ते कायमचंच. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर सूर थोडा बदलला. मुलींना कोंडू नका, कराटे शिकवा, असं सगळे म्हणू लागले. सरकारी शाळांतून सहावी ते बारावीच्या मुलींसाठी तीन महिन्यांचं स्वसंरक्षण प्रशिक्षणही आलं. ते असू द्यावं, माझा विरोध नाही. पण जी मुलगी आयुष्यात कधी मोकळी धावलेली नाही, तिला तीन महिन्यांत गुद्दा मारायला शिकवून काय साधणार? शिवाय त्यातून आपण तिला सांगतो की तुझं शरीर म्हणजे संकट आहे, त्याला सांभाळ. आणि पुरुषांना काहीच सांगत नाही.

अमेरिकेतल्या आयरिस मेरियन यंग या तत्त्वज्ञ बाईंनी १९८० साली एक निबंध लिहिला होता. मुली चेंडू फेकतात तेव्हा फक्त हात हलवतात, सगळं अंग त्या फेकीत घालत नाहीत, असं का, याचा त्यांनी विचार केला. कारण शरीराच्या रचनेत नाही. आपल्याला जागा कमी आहे, आपल्याकडे कुणीतरी बघतं आहे, हे मुलीच्या अंगात लहानपणापासून मुरतं, असं त्यांचं म्हणणं. आमच्या रांगोळीच्या नकाशात तेच दिसलं होतं.

म्हणून माझ्या मते मुलींच्या व्यायामाचा हेतू एकच असावा. हे शरीर माझं आहे, ते पुष्कळ काही करू शकतं आणि गावातल्या मोकळ्या जागेवर माझाही हक्क आहे, हे तिला अंगातून कळावं. बाकीचे फायदे मागून येतातच.

आपल्याकडे काहीच नव्हतं का?

होतं की. आखाजीला माहेरी आलेल्या पोरी निंबाच्या झाडाला झोका बांधून उंच उंच जातात, फुगड्या घालून दम जाईपर्यंत फिरतात. आसोद्याच्या बहिणाबाईंनी या सणावर गाणं रचलं, ते उगाच नाही. फुगडीत तोल लागतो, झोक्यात पोट, पाठ, मांड्या सगळ्यांना काम मिळतं. सागरगोट्यांनी नजर आणि हात जुळतो. पण ही मोकळीक वर्षातले चार दिवस, तीही माहेरी. सासर आणि बाकीचं वर्ष वेगळं. आपल्याला ती रोजची करायची आहे.

दुसरी परंपरा राष्ट्र सेवा दलाची. १९४१ साली सुरू झालेल्या सेवा दलाच्या शाखांवर मुलं-मुली एकत्र खेळत, लेझीम करत, गाणी म्हणत आणि मग गोल बसून देशाबद्दल, जातीबद्दल बोलत. खेळ आणि विचार हातात हात घालून जाऊ शकतात, हे त्यांनी दाखवलं.

मग करायचं कसं?

आमच्या गटानं चुकतमाकत जे बसवलं ते सांगते. फार साहित्य लागत नाही. दोरी, खडू, सायकलचे जुने टायर, सरकी किंवा वाळू भरून शिवलेल्या लहान पिशव्या आणि एक-दोन चेंडू पुरतात.

तास पाऊण तासाचा. पहिली दहा मिनिटं अंग गरम करायला शिवाशिवी किंवा साखळी. नंतरची पंधरा मिनिटं एकेका कौशल्याला. मैदानावर चार-पाच ठिकाणं करायची. एकीकडे दोरीवरच्या उड्या, एकीकडे टायरमधून लंगडी, एकीकडे खडूच्या रेषेवर डोक्यावर पिशवी ठेवून चालणं, एकीकडे लांब फेक. लहान लहान गटांनी फिरत राहायचं, म्हणजे रांगेत उभं राहून वाट बघण्यात वेळ जात नाही. पुढची पंधरा मिनिटं मोठा खेळ, आट्यापाट्या, खो-खो, लगोरी असा. शेवटी पाच मिनिटं सावलीत बसून अंग सैल करायचं, श्वास शांत करायचा आणि बोलायचं.

यातून आम्ही काही गोष्टी शिकलो. पहिली, 'आउट' झालेल्या मुलीला बाहेर बसवायचं नाही. जी हळू पळते ती पहिल्यांदा बाद होते, म्हणजे जिला हालचालीची सगळ्यात जास्त गरज तीच सगळ्यात जास्त बसून राहते. आम्ही नियम बदलला. सापडलेली मुलगी पकडणाऱ्यांच्या साखळीत येते, आणि खेळ सगळ्यांचा राहतो. नियम बदलायचा अधिकार मुलींना दिला की त्या आपल्यापेक्षा चांगले नियम करतात.

दुसरी, तुलना स्वतःशीच. गेल्या महिन्यात दोरीवर दहा उड्या, या महिन्यात पंचवीस. प्रत्येकीची वही वेगळी. वजनाचा तक्ता नाही आणि शिक्षा म्हणून उठाबशा तर मुळीच नाहीत. व्यायाम ही शिक्षा झाली की जन्मभराची नावड पक्की होते.

तिसरी, मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. सहा-सात वर्षांच्या मुलीला नुसतं धावू-लोळू द्यावं. दहा-बाराच्या मुलीला कौशल्य शिकायची हौस असते. चौदा-पंधराच्या मुलींना मैत्रिणींबरोबर एखादा खेळ नीट खेळायचा असतो. सगळ्यांना एकच कवायत लावू नये. रक्त कमी असलेल्या मुलीला लवकर दम लागतो, तिला हिणवू नये. तिचा वेग हळूहळू वाढवावा. आठवड्याची लोहाची निळी गोळी ती खरंच घेते का, घरात शेवटी जेवताना तिच्या ताटात डाळ-भाजी उरते का, तेही बघावं.

चौथी, कपडे आणि पाळी. सलवार घालून ओढणी कमरेला बांधली तरी खेळता येतं. ट्रॅकपँटचा आग्रह धरून एकही मुलगी घरी राहायला नको. पाळीत खेळायचं की नाही हे तिनं ठरवावं, आईनं नाही आणि ताईनंही नाही. मात्र जवळ पाणी आणि बंद दाराचं संडास नसेल तर ही निवड खोटीच ठरते.

पाचवी, वेळ. आपल्याकडे मार्चपासून ऊन असं तापतं की दुपारचा विचारच नको. आणि संध्याकाळी सहाला मुलगी चुलीपाशी हवी असते. आम्ही सकाळी साडेसहाची वेळ घेतली, तर पाण्याची पाळी आडवी आली. म्हणजे व्यायामाचा कार्यक्रम आखणं हे शेवटी घरातल्या कामाच्या वाटणीशी येऊन थांबतं. एका बचतगटाच्या बैठकीत आयांनीच ठरवलं, आठवड्यातून तीन दिवस पाणी भाऊ भरतील. भाऊ कुरकुरले, पण भरू लागले. मला वाटतं, तो त्या वर्षातला आमचा सगळ्यात मोठा व्यायाम होता. धाकटं भावंड कडेवर घेऊन येणाऱ्या मुलींसाठी एक मावशी पाळीपाळीनं मैदानाच्या कडेला बसते.

आणि सुरक्षितता. २०२३ साली ऑलिंपिक पदक मिळवलेल्या साक्षी मलिकसारख्या कुस्तीगीर मुलींना लैंगिक छळाच्या तक्रारीची दखल घ्या म्हणून दिल्लीत जंतरमंतरवर बसावं लागलं. तिथं ही स्थिती, तर गावातल्या मुलीनं कुणाकडे जावं? म्हणून शिकवणाऱ्यांत बाई हवीच. अंगाला हात लावून दुरुस्त करण्याआधी विचारायला हवं. २०१२ च्या पोक्सो कायद्याची माहिती मुलींना, आयांना आणि शिकवणाऱ्यांना द्यायला हवी. तक्रार आली तर प्रशिक्षक बाहेर जाईल, मैदान बंद होणार नाही, हेही आधीच ठरवून ठेवावं. नाहीतर पुन्हा शिक्षा मुलींनाच.

मागणी कुणाकडे?

हे सगळं संस्थेच्या शिबिरापुरतं राहिलं तर प्रकल्प संपला की संपेल. स्त्रियांविषयीचे भेदभाव नष्ट करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं १९९३ साली शिक्कामोर्तब केलं. त्याच्या दहाव्या कलमात खेळ आणि शारीरिक शिक्षणात भाग घेण्याची समान संधी स्पष्ट लिहिली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात प्रत्येक शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य असावं असं आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. महाराष्ट्रात पंचायतीतल्या निम्म्या जागांवर आपल्या बाया आहेत. मग शिलाई मशीनच्या पलीकडे जाऊन एखाद्या गावानं मुलींच्या मैदानाला कुंपण, दिवा आणि संडास का देऊ नये?

मुंब्र्यात 'परचम' या गटानं २०१२ पासून वेगवेगळ्या धर्मांच्या मुलींना सोबत घेऊन फुटबॉल सुरू केला, तो उघड्या, सार्वजनिक मैदानावर. मुली मैदानात दिसत राहिल्या की मोहल्ल्यालाही त्याची सवय होते. मुलग्यांनाही हे शिकायचं आहे. लहानपणी सगळे एकत्र खेळावेत, आणि मोठं होताना अर्धं मैदान सोडायची सवय मुलग्यांना लागावी.

मैत्रिणींनो, आपण समानतेवर पुष्कळ बैठका घेतो. पुढची बैठक मैदानावर घेऊन बघा. आपल्यातल्या किती जणींना लंगडी घालता येते, तेही कळेल. आमच्या पहिल्या दिवशी कडेला बसलेली ती आजी दुसऱ्या महिन्यात उठली आणि नातीबरोबर फुगडी घातली. चार फेऱ्यांत दमली, पण म्हणाली, उद्या परत येते. तुमच्या गावात मुली कुठे खेळतात, आणि खेळत नसतील तर का नाही, हे आपल्या अंकासाठी जरूर लिहून कळवा.