चोरी एकाची, लाज दुसऱ्याला

आमच्या बडोद्याच्या जुन्या वाड्यांतून एके काळी घरची ठेव लोखंडी पेटीत असे आणि पेटीच्या किल्ल्यांचा जुडगा घरातील वडीलधाऱ्या बाईच्या कमरेला असे. रात्री पेटी फुटली, तर घरधनी आरडाओरडा करी. सारी आळी जागी होई. कोणी कंदील घेऊन धावे, कोणी पोलीस चौकी गाठी. ज्याची चोरी झाली त्यालाच दोष द्यावा, असे कोणाच्या मनात येत नसे.

पुढे ठेव पेटीतून पेढीत गेली. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १९०८ साली याच नगरीत बँक ऑफ बडोदा स्थापन झाली आणि सामान्य माणूस आपली शिल्लक विश्वासाने दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवावयास शिकला. आज ती पेढीही खिशात मावू लागली आहे. डेबिट कार्ड नावाची चार बोटांची चकती आणि हातातील मोबाइल एवढ्यावर सारा व्यवहार चालतो. अर्थातच चोरीची रीतही पालटली. कडीकोयंडा तुटत नाही, कुत्रे भुंकत नाही. मोबाइलवर एक संदेश येतो आणि खात्यातील रक्कम गेलेली असते.

परंतु याहूनही मोठा पालट आम्हांस दिसतो तो नागवल्या गेलेल्या माणसाच्या वागण्यात. तो आता ओरडत नाही, गप्प बसतो. ‘मुलगा काय म्हणेल’, ‘जावयापुढे मान खाली जाईल’, ‘एवढा शिकलेला आणि फसला, असे लोक बोलतील’, या विचाराने तो दोन दिवस, चार दिवस, कधी महिनाभर कोणापाशी तोंड उघडत नाही. ही लाज हाच आजच्या चोराचा सर्वांत मोठा साथीदार होय, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते का, हेच या लेखात सांगावयाचे आहे.

कार्डावरील पैसा मुख्यतः दोन वाटांनी जातो. पहिल्या वाटेत खातेदाराचा काडीचाही दोष नसतो. एटीएममध्ये कार्ड घालावयाच्या फटीवर भामटे एखादे लहानसे यंत्र बसवितात. ते कार्डाच्या मागील काळ्या चुंबकीय पट्टीवरील माहिती टिपून घेते, आणि जवळपास दडविलेला कॅमेरा आपण दाबलेला पिन पाहून ठेवतो. या दोहोंवरून कार्डाची नक्कल तयार होते. या उपद्रवामुळेच, केवळ चुंबकीय पट्टी असलेली जुनी कार्डे बदलून चिपची कार्डे देण्यासाठी रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत घालून दिली होती. कारण चिपची नक्कल करणे पट्टीइतके सोपे नाही. कधी कधी कार्डांची माहिती बँकांची कामे करणाऱ्या यंत्रणेतूनच फुटते. २०१६ साली आपल्या देशात सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची सुरक्षितता अशाच प्रकारे धोक्यात आली. अनेक कार्डे बंद करावी लागली आणि अनेक खातेदारांना पिन बदलण्यास सांगावे लागले. त्या खातेदारांनी काय चूक केली होती? काहीच नाही.

दुसरी वाट गोड बोलण्याची, किंवा भेडसावण्याची. ‘बँकेतून बोलतो आहे, आपले केवायसी अपुरे आहे, आज सायंकाळी खाते बंद पडेल’, ‘वीजबिल भरले नाही, रात्री वीज तोडली जाईल’, ‘आपणांस बक्षीस लागले आहे’, अशी वाक्ये आता घरोघरी परिचयाची झाली आहेत. घाई, भीती आणि लोभ ही या भामट्यांची तीन हत्यारे. त्यांच्या जोरावर ते कार्डाचा क्रमांक, मागील बाजूचे तीन आकडे आणि मोबाइलवर आलेला ओटीपी काढून घेतात. नाही तर एखादे असे ॲप आपल्या मोबाइलमध्ये घ्यावयास लावतात की, आपल्या पडद्यावरचे सारे त्यांना दूरवर बसून दिसावे.

या दुसऱ्या वाटेने फसलेल्यांना ‘मूर्ख’ म्हणून मोकळे होण्याची प्रथा पडली आहे. ती अन्यायाची आहे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे उदाहरण पाहा. १९०६ साली स्थापन झालेली ही जुनी सहकारी बँक. ऑगस्ट २०१८ मध्ये अवघ्या दोन-तीन दिवसांत तिच्या संगणकयंत्रणेत शिरून चोरट्यांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबविले. नकली कार्डे वापरून २८ देशांतील एटीएममधून रोकड काढली गेली. आपल्या देशातही कोल्हापूर, इंदूर यांसारख्या शहरांतून पैसे निघाले. जेथे पगारी तज्ज्ञ रात्रंदिवस पहारा करतात तेथे ही गत, तर सत्तरीतील एखाद्या निवृत्त मास्तरांनी चोराच्या सराईत वाणीला भुलावे, यात लज्जास्पद ते काय? येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. बँकेने पोलिसांत फिर्याद दिली, प्रकरण जाहीर केले, तपास झाला, आणि २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने ११ आरोपींना दोषी ठरविले. गप्प बसून यातले काही झाले असते काय?

आता लाजेची किंमत रुपयांत मोजू. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी खातेदारांच्या संरक्षणासाठी नियम घालून दिले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तसेच नियम सहकारी बँकांनाही लागू केले. त्यांचा आशय असा. चूक बँकेची असेल, तर नुकसान खातेदारावर येत नाही, मग त्याने कळविलेले असो वा नसो. चूक बँकेचीही नाही आणि खातेदाराचीही नाही, भलत्याच ठिकाणी माहिती फुटली, अशा वेळी मात्र सारा हिशेब दिवसांवर चालतो. व्यवहाराचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत बँकेला कळविले, तर खातेदाराचे दायित्व शून्य. चार ते सात दिवसांत कळविले, तर साध्या बचत खात्यावर प्रत्येक व्यवहारामागे अधिकांत अधिक १०,००० रुपयांचा भार, आणि मूलभूत बचत खात्यावर ५,००० रुपयांचा. सात दिवस उलटून गेले, की बँकेच्या संचालक मंडळाने ठरविलेल्या धोरणाप्रमाणे जे होईल ते.

समजा, दोन शेजाऱ्यांच्या बचत खात्यांतून नकली कार्डाने एकाच दिवशी, एकाच व्यवहारात, १८,००० रुपये गेले. एकाने दुसऱ्याच दिवशी बँक गाठली; त्याला या नियमाप्रमाणे सारे पैसे मिळावयाचे. दुसरा संकोचाने पाच कामकाजाचे दिवस थांबला. त्याच्या वाट्याला १०,००० रुपयांपर्यंतचे नुकसान येऊ शकते. चोर तोच, रक्कम तीच, दोघेही सारखेच निर्दोष. मधला फरक केवळ मौनाचा.

आणि ज्याने स्वतःच ओटीपी सांगितला त्याचे काय? त्याच्याविषयी नियम कठोर आहे, पण निर्दय नाही. बँकेला कळविण्यापूर्वी झालेले नुकसान त्याचे. कळविल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे ज्याच्या हातून चूक घडली त्याने तर सर्वांच्या आधी बोलले पाहिजे! परंतु घरोघरी नेमके उलट घडते. ज्याला आपली चूक ठाऊक असते, तोच अधिक लपवितो, आणि त्या अवधीत चोर खाते धुऊन नेतो. असे नियम काळानुसार बदलत असतात, म्हणून चालू नियम आपल्या शाखेत विचारून घ्यावा हे बरे. पण लवकर सांगणाऱ्याचे रक्षण अधिक, हे त्यांतील तत्त्व ध्यानी धरण्यासारखे आहे. याच नियमांत आणखी एक मोलाचे कलम होते: खातेदाराची चूक होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकली होती. ‘तुम्हीच पिन कोणाला तरी दिला असेल’ एवढे मोघम उत्तर देऊन बँकेला हात झटकता येऊ नयेत, म्हणून ही योजना. हे ज्यांना माहीत नसते ते खिडकीवरूनच परत फिरतात.

बोलावयाचे म्हणजे कोठे, हेही सांगितले पाहिजे. पहिले काम, कार्ड तात्काळ बंद करणे. त्यासाठी बँकेचा क्रमांक कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेला असतो तोच लावावा. इंटरनेटवर शोधून सापडलेला क्रमांक कित्येकदा चोरांनीच पेरलेला असतो. लगोलग १९३० या क्रमांकावर फोन करावा. हा सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी देशभर चालणारा क्रमांक आहे. तेथे तक्रार लवकर पोहोचली, तर चोराने पैसे दुसऱ्या खात्यात वळविले असले तरी ते वाटेतच रोखण्याचा प्रयत्न करता येतो. एकदा रोकड काढली गेली, की तो मार्ग जवळजवळ खुंटतो. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावरही तक्रार नोंदविता येते. त्यानंतर शाखेत लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा, मोबाइलवरील संदेश पुसून टाकू नयेत. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते, आणि त्यासाठी शुल्क पडत नाही.

चोरीच होऊ नये म्हणून काही साध्या सवयीही पुरेशा आहेत. पिन कार्डावर किंवा कार्डाच्या पाकिटात लिहून ठेवू नये; तो दाबताना दुसरा हात वर धरावा. २०२० सालापासून कार्डाचे परदेशी व्यवहार, ऑनलाइन व्यवहार किंवा नुसत्या स्पर्शाने पैसे देण्याची सोय खातेदाराला हवी तेव्हा सुरू किंवा बंद करता येते. जे लागत नाही ते बंदच असावे. स्पर्शाने होणारे ५,००० रुपयांपर्यंतचे व्यवहार पिनविना होऊ शकतात, हे विसरू नये. निवृत्तिवेतनाचे खाते आणि बाजारहाटाचे खाते वेगळे ठेवावे, व दुसऱ्यात महिन्याच्या गरजेपुरतेच पैसे असावेत. आणि आपला चालू मोबाइल क्रमांक बँकेत नोंदलेला आहे ना, याची खात्री करावी. संदेशच आला नाही, तर चोरी झाल्याचे कळावे कसे?

या ठिकाणी आमचे काही वाचक म्हणतील, ‘फसलेल्याला बोल लावावयाचा नाही, तर लोक बेफिकीर होतील.’ आम्हांस तसे वाटत नाही. सावधगिरी शिकवावयाची ती चोरी होण्यापूर्वी. चोरी झाल्यावर शिकवू गेलो, तर पुढच्या वेळी तो माणूस सावध होईल की नाही कोण जाणे, पण आपणांस सांगणार नाही एवढे निश्चित. दुसरे कोणी म्हणतील, ‘ही कार्डेच नकोत.’ तेही खरे नव्हे. रस्त्यावर अपघात होतात म्हणून आपण घरात बसत नाही. डावीउजवीकडे पाहून रस्ता ओलांडावयास शिकतो.

बँकांनाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. आपल्या बडोद्यात मराठी वाचणारी आजी आहे, गुजराती वाचणारे काका आहेत. परंतु खात्यातून पैसे गेल्याचा संदेश बहुधा इंग्रजीत येतो. ज्याला तो वाचताच येत नाही, त्याच्या बाबतीत संदेश पाठविला म्हणून बँकेचे कर्तव्य पुरे झाले, असे मानणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. खातेदाराच्या भाषेत, दोन सोप्या वाक्यांत संदेश पाठविणे आजच्या यंत्रयुगात मुळीच अवघड नसावे.

विद्यार्थिमित्रहो, तोपर्यंत ते काम तुमचे आहे. आजोबांचा मोबाइल तुम्हीच लावून देता, आजीचे निवृत्तिवेतन जमा झाले का, हेही तुम्हीच पाहता. दिवसातून एकदा त्यांचे बँकेचे संदेश त्यांना वाचून दाखवा. १९३० हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवरील दिनदर्शिकेशेजारी चिकटवा. त्यांचा पिन मात्र विचारू नका. तो तुम्हांलाही ठाऊक नसणे, हीच त्यांच्या पैशाची सुरक्षितता आहे. आणि एखाद्या सायंकाळी आजोबा नेहमीपेक्षा गप्प दिसले, जेवणावर त्यांचे मन नसले, तर जवळ बसून विचारा. काही घडले असे त्यांनी सांगितले, तर ‘असे कसे केलेत?’ हा प्रश्न त्या दिवशी तोंडातून काढू नका. ‘बरे झाले सांगितलेत’ एवढेच म्हणा, आणि फोन हाती घ्या.