फिजीचा सामना सुव्यातच व्हायला हवा

शेवटचा पास सेमी रॅड्राड्राकडे आला तेव्हा त्याला अडवायला समोर कोणीच नव्हतं. चेंडू टप्पा पडून उसळला, हातात बसला नाही आणि फ्रान्समधल्या 2023 च्या रग्बी विश्वचषकात फिजी वेल्सकडून 26-32 असं हरलं. शेवटची काही मिनिटं उरली असताना हाच संघ 14-32 असा मागे होता. अशा पराभवानंतर छोट्या देशांच्या वाट्याला भरपूर हळहळ येते. मला ती नकोशी वाटते, कारण हळहळ व्यक्त केली की पुढचे प्रश्न विचारायचे राहूनच जातात.

फिजीची लोकसंख्या साधारण नऊ लाख, म्हणजे जवळपास आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याएवढी. वेल्सच्या सामन्यानंतर आठवड्याभरात त्यांनी सेंत-एतिएनला ऑस्ट्रेलियाला 22-15 असं हरवलं. ऑस्ट्रेलियावर याआधीचा विजय 1954 चा. त्या 22 गुणांत ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणं) एकच, बाकीचे बहुतेक गुण पेनल्टीचे. हे मुद्दाम सांगतो. फिजीचे खेळाडू म्हणजे उपजत चपळ, हातचलाखीचे, पण शिस्तीत कच्चे, असं वर्षानुवर्षं लिहिलं गेलं. त्या दिवशी त्यांनी प्रतिस्पर्ध्याला चुका करायला लावल्या आणि सिमिओने कुरुवोलीने थंड डोक्याने किक मारून त्यांची किंमत वसूल केली. पुढे पोर्तुगालकडून एका गुणाने हरूनही फिजीने उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि तिथे इंग्लंडला 30-24 पर्यंत झुंजवलं.

हे कुठून आलं? 2022 मध्ये फिजियन ड्रुआ हा व्यावसायिक संघ सुपर रग्बी स्पर्धेत आला. त्याआधी फिजीतल्या चांगल्या खेळाडूला व्यावसायिक रग्बी खेळायचं तर फ्रान्स, इंग्लंड किंवा न्यूझीलंड गाठावं लागे. राष्ट्रीय संघ जमायचा तो स्पर्धेच्या तोंडावर. ड्रुआमुळे खेळाडू आठवडेच्या आठवडे एकत्र खेळू लागले आणि तेही आपल्या माणसांसमोर. मार्च 2023 मध्ये लौटोकाच्या मैदानावर त्यांनी क्रुसेडर्ससारख्या बलाढ्य संघाला 25-24 असं नमवलं. कुरुवोली याच ड्रुआचा. विश्वचषकाच्या संघात ड्रुआच्या खेळाडूंचा भरणा होता.

म्हणूनच 2026 च्या नेशन्स चॅम्पियनशिपचा कार्यक्रम पाहून मला संताप आला. फिजीला या नव्या स्पर्धेत जागा मिळाली, ही चांगलीच गोष्ट. पण वेल्स, इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्याविरुद्धचे फिजीचे यजमानपदाचे सामने ठेवले गेले ब्रिटनमध्ये. जुलै 2025 मध्ये हाच स्कॉटलंड फिजीच्या राजधानीत, सुव्यात येऊन 14-29 असा हरला होता. आता फिजीने त्याला 'घरी' बोलवायचं ते एडिंबरात!

कारण पैशाचं आहे आणि ते खोटं नाही. सुव्याचं मैदान लहान, तिकिटं स्वस्त. ब्रिटनमधल्या मोठ्या मैदानावर गल्ला कितीतरी अधिक जमतो. फिजीच्या रग्बी मंडळाची तिजोरी कायम ओढगस्तीची असल्याने त्यांना मी दोष देणार नाही. पण ही ओढगस्त काही आभाळातून पडलेली नाही. रग्बीत तिकिटांचं उत्पन्न यजमानाने ठेवायचं, ही जुनी रीत. ट्विकनमला फिजी खेळायला गेलं तरी स्टेडियम भरल्याचा फायदा इंग्लंडचा. पॅसिफिकमधले देश वर्षानुवर्षं याबद्दल बोलत आले आहेत.

तेव्हा मागणी साधी आहे. बड्या देशांत फिजी खेळेल तेव्हा गल्ल्यातला ठरलेला वाटा त्याला मिळावा आणि स्पर्धेच्या सामायिक उत्पन्नातून सुव्यातल्या सामन्याची तूट भरून निघावी. पाहुण्या संघाने लांबचा विमानप्रवास करावा, दमट उकाड्यात ऐंशी मिनिटं धावावं, समोरच्या गर्दीचा आवाज सोसावा. फिजीचे खेळाडू हे सगळं परमुलखात आयुष्यभर करतात. सुव्यातल्या शाळकरी मुलाला आपला संघ इंग्लंडशी खेळताना टीव्हीऐवजी कुंपणापाशी उभं राहून पाहता यावा, ही अपेक्षा कुठल्याही हिशेबाने जास्त नाही.