आजीच्या तांदळातले खडे



या वेळची गोष्ट आमच्या चौथीच्या वर्गातली. मुलाचं नाव सांगत नाही, कारण तोही हे पान वाचतो! तर या मित्राच्या डब्यातल्या भातात रोज खडा निघायचा. दाताखाली कचकन् आवाज झाला की बाकीची मुलं खो-खो हसायची. एकदा मी म्हटलं, "अरे, घरी सांग ना, तांदूळ नीट निवडायला." तो गप्प. सुट्टी संपल्यावर हळूच टेबलापाशी आला. "बाई, तांदूळ आजी निवडते. तिला खडे दिसत नाहीत. पण आईला सांगू नका हं! आजी म्हणते, हेही काम गेलं तर माझा उपयोग काय?"

काय बोलणार यावर? गणिताचा तास बाजूला ठेवला आणि आम्ही डोळ्यातल्या भिंगाविषयी बोलत बसलो.

बुबुळाच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं. रुंदीला साधारण ९ मिलिमीटर, आकार मसुरासारखा. इंग्रजीतला 'लेन्स' हा शब्द मसुराच्या लॅटिन नावावरूनच आला, बरं का! हे भिंग बनलंय प्रथिनांचं. प्रकाश आरपार जावा म्हणून तिथे रक्तवाहिन्यासुद्धा नाहीत. आतल्या पेशींनी तर आपलं केंद्रकही टाकून दिलेलं असतं. याचा अर्थ कळला का? तिथली प्रथिनं बिघडली तर नवी तयार करता येत नाहीत. तुमची त्वचा सारखी नवी होते, पण भिंगाचा गाभा तुम्ही जन्माला येण्याआधी तयार झाला, तोच म्हातारपणापर्यंत पुरवायचा. आजी सत्तर वर्षांची, तर तो गाभाही सत्तरच्या थोडा वरचाच!

आता त्याला बिघडवतं कोण? आपला लाडका ऑक्सिजनच! आई वांगी चिरली की लगेच पाण्यात का टाकते? उघड्यावर ती काळी पडतात, हवेतल्या ऑक्सिजनमुळे. शरीरातही ऑक्सिजन वापरताना त्याचे काही रेणू बिथरतात आणि शेजारच्या रेणूंशी झोंबाझोंबी करतात. उन्हातले अतिनील किरण आणि विडी-सिगारेटचा धूर या बिथरलेल्यांची संख्या वाढवतात. भिंगाजवळ राखणदार असतात. क जीवनसत्त्व आणि ग्लुटाथायोन नावाचा एक पदार्थ या दांडगटांना शांत करतात. राखणदार कमी आणि दांडगट जास्त झाले, की शास्त्रज्ञ म्हणतात, पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण आला.

उतारवयात ग्लुटाथायोन गाभ्यापर्यंत पूर्वीसारखं पोचत नाही. मग प्रथिनं एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात. अंडं उकडताना पाहिलंय ना? आतला पारदर्शक बलक... चुकले, बलक पिवळा! त्याभोवतालचा पारदर्शक भाग पांढरा होतो. तिथेही प्रथिनांचे पुंजकेच होतात, फक्त तिथे उष्णतेने मिनिटांत होतं ते इथे अनेक वर्षांत होतं. भिंग पिवळसर, मग धुरकट होतं. हाच मोतीबिंदू. मधुमेह असला तर तो लवकरही येतो.

"मग बाई, जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या तर?" एकीने विचारलं. शाब्बास! शास्त्रज्ञांनाही हेच वाटलं होतं. अमेरिकेत एका मोठ्या पाहणीत लोकांना वर्षानुवर्षं क आणि ई जीवनसत्त्व, बीटा कॅरोटिन आणि जस्त दिलं. २००१ साली निकाल आला. दृष्टिपटलाच्या एका म्हातारपणच्या आजारात काही रुग्णांचा बिघाड वाढण्याचा धोका सुमारे पाव हिश्श्याने घटला, पण मोतीबिंदूवर काही परिणाम नाही! शिवाय बीटा कॅरोटिनच्या गोळ्यांनी धूम्रपान करणाऱ्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, असं दिसून आलं. तेव्हा पालेभाजी, पेरू, आवळा खुशाल खा, पण दुकानातून गोळ्या आणून आजीला देऊ नका. उकडलेलं अंडं परत कच्चं होतं का?

उपाय एकच, धुरकट भिंग काढून नवं बसवायचं. पूर्वी भिंग नुसतंच काढत, आणि मग सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागायचा. दुसऱ्या महायुद्धात काही वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे खरं तर प्लॅस्टिकचे, तुकडे घुसले. इंग्लंडमधल्या हॅरोल्ड रिडले या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की डोळा त्या तुकड्यांवर चिडत नाही! १९४९ साली त्यांनी लंडनमध्ये तशाच प्लॅस्टिकचं भिंग रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. आता तर दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून घडी घातलेलं भिंग आत सरकवतात.

"मोतीबिंदू पिकू दे, मग बघू" असं घरात कुणी म्हणेल. आता तशी वाट पाहावी लागत नाही. आणि अंधुक दिसणं म्हणजे मोतीबिंदूच, असंही नाही. काचबिंदू असला तर गेलेली नजर परत येत नाही, म्हणून डॉक्टरांना लवकर दाखवायचं.

आमच्या मित्राने घरी जाऊन आजीला एवढंच सांगितलं, "आजी, तुझं भिंग जन्माआधीपासून काम करतंय, एकही दिवस सुट्टी नाही. चूक तुझी नाहीये." आजी खूप वेळ काही बोलली नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच आईला सांगितलं.

महिन्याभराने मी विचारलं, "काय रे, आजी काय म्हणते?"

तोंड वाकडं करून म्हणाला, "डोळ्यावरची पट्टी काढल्या काढल्या म्हणाली, भिंत निळी आहे होय! मला हिरवट वाटायची. आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, हा शर्ट किती दिवस धुतला नाहीस रे?"