गुन्हा आपल्यावर घडला, आता कोणाचे दार ठोठवावे?



रविवारी खडकवासल्याच्या चौपाटीवर पाय ठेवायला जागा नसते. धरणाचे पाणी बघायला अर्धे पुणे लोटते. त्या गर्दीत आपल्या वस्तीतल्या आयाबायाही कणसे भाजत, भजी तळत उभ्या असतात. समजा, अशाच एका भगिनीशी गाडी लावण्याच्या जागेवरून तंटा झाला. चारचौघांत जातीवरून शिवी दिली, गाडी उलथवली, सोडवायला आलेल्या मुलाच्या डोक्यात काठी घातली. रात्री ती ठाण्याच्या बाकावर बसली आहे आणि तिच्या कानावर तीन वाक्ये पडतात. 'ही हद्द आमची नाही.' 'आधी चौकशी करू, मग बघू.' 'गावातले भांडण आहे, आपसात मिटवा.'

आपली बहुतेक माणसे इथेच उठून घरी जातात. म्हणून आज या तीन वाक्यांची उत्तरे समजून घेऊ.

पहिले वाक्य हद्दीचे. खडकवासला 2021 साली इतर 22 गावांबरोबर पुणे महापालिकेत आले. गाव शहरात गेले की ठाणे ग्रामीणचे की शहराचे, असा घोळ सामान्य माणसाच्या डोक्यात होणारच. पण ती काळजी फिर्यादीने करायची नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, त्याची फिर्याद घेणे ठाण्याला भाग आहे. यालाच 'झिरो एफआयआर' म्हणतात. पुढे कागद योग्य ठाण्याकडे पाठवणे हे पोलिसांचे काम. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती हातात पडल्याशिवाय बाकावरून उठू नका. फिर्याद घेतलीच नाही, तर सगळी हकीकत लिहून टपालाने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. तिथेही दाद लागली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

दुसरे वाक्य चौकशीचे. 20 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात, ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची मुभा दिली होती. त्याविरुद्ध 2 एप्रिलला देशभर बंद झाला. त्याच वर्षी संसदेने कायद्यात कलम 18-अ घातले. त्याप्रमाणे गुन्हा नोंदवण्यासाठी आधी चौकशी लागत नाही. हे कलम सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली कायम केले. अनुसूचित जाती-जमातीचा नसलेल्या अधिकाऱ्याने हे कर्तव्य मुद्दाम टाळले, तर कलम 4 खाली त्यालाच सहा महिने ते एक वर्ष शिक्षा होऊ शकते. हे नम्रपणे पण ठामपणे सांगा.

काही जण विचारतात, 'आम्ही बौद्ध झालो, मग हा कायदा आम्हाला लागतो का?' लागतो. 1990 साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. फक्त मूळ जातीचा उल्लेख असलेला दाखला घरात तयार ठेवा. तो नसला की मदतीचा कागद अडून बसतो.

मदत म्हणजे काय? या कायद्याच्या नियमांत 2016 साली बदल झाले. गुन्ह्याप्रमाणे 85 हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत अर्थसाहाय्य ठरले. लोकांदेखत जातीवरून अपमान केला, तर 1 लाख रुपये. त्यातले 25 टक्के एफआयआरनंतर, 50 टक्के आरोपपत्र न्यायालयात गेल्यावर आणि उरलेले शिक्षा झाल्यावर. खून झाला असेल, तर सव्वाआठ लाखांतले निम्मे शवविच्छेदनानंतर आणि निम्मे आरोपपत्रानंतर. तातडीची मदत सात दिवसांत मिळावी, असा नियम आहे. पुण्यात हे काम समाजकल्याण खात्याच्या सहायक आयुक्तांकडे, विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात चालते. पोलिसांनी प्रस्ताव पाठवला की नाही, हे तिथे जाऊन विचारा. घरी बसून वाट पाहू नका.

जातीचा संबंध नसलेल्या गुन्ह्यातही दार बंद नाही. शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. आरोपी सापडला नाही तरी पीडिताला भरपाईसाठी तिथे अर्ज करता येतो. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांसाठी राज्याची 'मनोधैर्य' योजना 2013 पासून आहे. अशा पीडितांवर सरकारी असो वा खाजगी, कुठल्याही रुग्णालयाने ताबडतोब मोफत उपचार केले पाहिजेत. शिवाय अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. फोन 15100. ॲट्रॉसिटीसाठी 14566, तातडीच्या मदतीला 112.

आता तिसरे वाक्य, 'मिटवा.' ते का म्हणतात, हे समजायला खर्ड्याची आठवण पुरे. 28 एप्रिल 2014 रोजी जामखेड तालुक्यातील खर्डा येथे नितीन आगे या शाळकरी मुलाचा खून झाला. महाराष्ट्र हळहळला. पण खटल्यात साक्षीदार फिरले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. आई-बापाने मुलगाही गमावला आणि न्यायही. साक्षीदार फिरतो तो काही नेहमी विकला गेलेला असतो असे नाही. त्याला त्याच गावात राहायचे असते, त्याच मालकाकडे कामाला जायचे असते. म्हणून 2016 पासून कायद्यात कलम 15-अ आले. पीडित आणि साक्षीदार यांना संरक्षण, येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई मागण्याचा हक्क आहे. तारखेला गेलेला दिवस बुडाला, तर किमान वेतनाइतका भत्ता मागा. कायदा तो देतो, पण न मागता क्वचितच मिळतो.

आणि वस्तीचे काय? त्या भगिनीला ठाण्याच्या बाकावर एकटी सोडू नका. दोन माणसे सोबत बसली तरी बोलण्याचा सूर बदलतो. घटना पाहिली असेल, तर त्याच रात्री आपल्या शब्दांत लिहून ठेवा. वर्षानंतर साक्षीला उभे राहताना तो कागद आठवणीला आधार देतो. पैशाने गेलेला माणूस परत येत नाही, डोक्यावरची खूण पुसत नाही. पण त्या पैशाने मुलाचे औषधपाणी होते, चूल पेटती राहते आणि 'पैसे घे, गप्प बस' म्हणणाऱ्याला नाही म्हणण्याचे बळ येते.

हे कात्रण जातीच्या दाखल्याबरोबर एकाच पिशवीत ठेवा. त्याची गरज कधी न पडो. पडलीच, तर शेजारणीलाही वाचून दाखवा.