वाळूतला तराजू

कोकणात मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची मादी हिवाळ्यात रात्री येते. वाळूत हातभर खोल खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा त्या अंड्यांकडे फिरकत नाही. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. त्यांतले नर किती आणि माद्या किती, हे अंडी घालताना ठरलेले नसते. ते ठरवते वाळूची ऊब.

माणसाचे तसे नाही. मुलगा की मुलगी, हे गर्भ राहतानाच ठरते आणि तेही पित्याकडून आलेल्या गुणसूत्रावर. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे. समुद्री कासवात मात्र नर-मादी ठरवणारे वेगळे गुणसूत्र नसतेच. उबवणीच्या मधल्या काळात घरट्याचे तापमान २९-३० अंश सेल्सिअस असेल, तर नर-माद्या साधारण निम्मे-निम्मे होतात. दोन-तीन अंश खाली गेले की बहुतेक नर, दोन-तीन अंश वर गेले की बहुतेक माद्या. सरपटणाऱ्या प्राण्यांमधली ही कुदरत पहिल्यांदा नोंदवली गेली १९६६ साली, सेनेगलमधल्या डाकार येथे, एका सरड्याच्या अंड्यांवरून.

दोन-तीन अंशांवर तोललेला हा तराजू आता झुकू लागला आहे. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफच्या हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. उत्तरेकडच्या उष्ण किनाऱ्यांवर जन्मलेल्या लहान कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या निघाल्या. आज माद्या भरपूर दिसतात, म्हणून अंडीही भरपूर दिसतील. पण पुढे नरच उरले नाहीत, तर ती अंडी फळणार कशी?

सूरह रहमानमध्ये अल्लाहतआलाने मीज़ानचा, म्हणजे समतोलाचा उल्लेख केला आहे आणि त्यात ढवळाढवळ न करण्याची ताकीद दिली आहे. पृथ्वीचा ताप वाढवणारा धूर माणसाचा आहे, कासवाचा नाही. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी कासवाचे घरटे दिसल्यास ते उकरू नये, वन खात्याला कळवावे आणि किनाऱ्यावरची सावली देणारी झाडे राखावीत. बाकीच्यांनी घरातली वीज आणि गाडीतले इंधन जपून वापरावे. इसराफ टाळण्याचा हुकूम तर आपल्याला आधीपासूनच आहे.